दोन मौने

सरकारी कचेरीत उमेदीची वर्षे घालविणाऱ्या आम्हां मंडळींना 'गोपनीय' या शब्दाचे अप्रूप राहिलेले नसते. पूर्वी तो तांबड्या शाईच्या शिक्क्यातून उमटत असे, आता संगणकाच्या पडद्यावर उमटतो, एवढाच काय तो फरक. त्याचा अर्थ मात्र मुरलेल्या कारकुनास पक्का ठाऊक असतो. एखादा कागद वाईट आहे म्हणून तो गोपनीय ठरत नाही. ज्याचा त्याच्याशी संबंध नाही त्याच्यापासून तो राखावयाचा असतो, आणि ज्याचा संबंध आहे त्याच्या हाती तो वेळेवर पोचवावयाचा असतो. ज्याच्या नावाचा लखोटा त्यालाच तो न देता कपाटात कुलूपबंद करून ठेवणारा कारकून गुप्तता पाळतो असे कोणी म्हणणार नाही. तो कामात कसूर करतो असेच म्हटले जाईल.

कचेरीत इतकी उघड असलेली ही गोष्ट कचेरीच्या पायऱ्या उतरताच आपल्या विस्मरणात जाते. तरुण मुलामुलींच्या देहधर्मासंबंधी, त्यातून उद्भवणाऱ्या रोगांसंबंधी आणि संकटांसंबंधी जे मौन आपल्या समाजात पाळले जाते, ते नेमके त्या कारकुनाचे मौन आहे. लखोटा ज्यांच्या नावाचा, त्यांच्यापासूनच तो दडविला जातो. उलट, त्यांच्यापैकी कोणावर काही प्रसंग ओढवला, की ज्यांचा काडीइतका संबंध नाही अशा शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यातील मजकूर तोंडपाठ असतो. म्हणजे जेथे बोलावयास हवे तेथे आपण गप्प राहतो, आणि जेथे गप्प राहणे हेच सौजन्य, तेथे आपली जीभ मोकाट सुटते. या दोन मौनांचा विचार येथे करावयाचा आहे. विषय अवघड आहे आणि दिवाळीच्या फराळाबरोबर वाचावयाचा तर मुळीच नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु ज्यांची मुले स्वतंत्र खोलीत अभ्यास करतात अशा आपल्यासारख्यांनी तो टाळला, तर ज्यांच्या घराला खोलीच नाही त्यांच्या वतीने तो कोण काढणार?

बदली होऊन बंगळुरास आलेल्या मराठी माणसाला हे शहर लवकर आपलेसे करते. हवा सौम्य, झाडी दाट, माणसे मृदुभाषी. शहाजीराजांची ही जहागीर, हे आठवून आपण थोडे सुखावतोही. पण कोरमंगलातील केंद्रीय सदनापासून फार दूर न जाता राजेंद्रनगर, ईजीपुरा या भागांत पाऊल टाकावे, अथवा शहराच्या दुसऱ्या अंगास देवर जीवनहळ्ळीत जावे, म्हणजे निराळेच शहर दिसू लागते. कन्नडमध्ये अशा वस्तीस कोळगेरी म्हणतात. दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी एक खोली. तिच्यात आईबाप, तीनचार भावंडे, आणि गावाकडून कामाच्या शोधात आलेला एखादा मामा वा चुलतभाऊ. नळ बाहेर, संडास सामाईक, तोही असला तर. २०१३ च्या जानेवारीत ईजीपुऱ्यातील दुर्बल घटकांच्या वसाहतीची घरे पाडली गेली, तेव्हा कित्येक कुटुंबांनी पदपथावर ताडपत्रीखाली दिवस काढले. त्यांच्यात वयात येणाऱ्या मुली नसतील असे नाही.

या वस्त्यांतील पोरे चौदापंधराव्या वर्षी मिळवती होतात. मुले कृष्णराजेंद्र बाजारात पोती उचलतात, हॉटेलांत टेबले पुसतात, इमारतींच्या कामावर जातात. मुली पीण्यात आणि म्हैसूर रस्त्यावर शिवणाच्या कारखान्यांत धागे कातरण्यापासून सुरुवात करतात. कलबुर्गी, विजापूर, बेळगाव या उत्तरेकडील जिल्ह्यांतून एकटी आलेली पोरेही पुष्कळ. शिवणकारखान्यात काम करणाऱ्या पाचसहा मुलींनी मिळून एक खोली भाड्याने घेतलेली असते. गावात असताना चार डोळे त्यांच्यावर असत; येथे ते नाहीत, आणि त्यांच्या जागी दुसरे काहीही आलेले नाही. हातात मात्र मोबाइल आहे. जगात स्त्रीपुरुषसंबंधाविषयी जे जे ओंगळ आणि खोटे आहे ते ते त्यात दिसते. जे खरे आणि उपयोगाचे आहे ते शोधावयास लागणारे शब्दच त्यांना कोणी शिकविलेले नसतात.

आता आपला नेहमीचा आक्षेप घ्या. मुलांना हे विषय सांगू नयेत, सांगितले तर ती बिघडतात, असे आपण म्हणतो. या आक्षेपाच्या पोटात एक गृहीत आहे. मूल आज निष्पाप अज्ञानात आहे आणि आपल्या बोलण्याने त्या अज्ञानाचा भंग होईल, हे ते गृहीत. ज्या घराला दोन दारे आहेत तेथे या गृहीतकाला थोडातरी आधार असेल. जेथे दहा बाय दहाच्या खोलीत सातजण निजतात, तेथे कसले अज्ञान राखावयाचे? ते मूल सर्व पाहते, सर्व ऐकते. जे त्याने पाहिले त्याचा अर्थ तेवढा कोणी त्याला सांगत नाही. त्याच्यापाशी पाहण्याचे दुःख आहे, आणि कळण्याचा लाभ नाही. अशा मुलापुढे आपण जे मौन पाळतो त्याने त्याची निरागसता राखली जात नाही; आपला अवघडलेपणा तेवढा राखला जातो.

तथापि विरुद्ध पक्ष आम्ही हलका लेखीत नाही. लज्जा ही क्षुद्र वस्तू नव्हे. आपल्याकडे देवीची स्तुती करताना ती सर्व प्राणिमात्रांत लज्जारूपाने वसते असे म्हटले आहे. अ‍ॅरिस्टॉटलने लज्जेला पूर्ण सद्गुणाचे स्थान दिले नाही. तो तिला सद्गुणापेक्षा एक भावना समजतो. पण तरुणपणी ती शोभते असे तोही म्हणतो, कारण तरुण माणूस विकारांच्या ओढीने चालतो आणि लज्जा त्याला मागे खेचते. कृत्रिम साधने गांधीजींनी मान्य केली नाहीत; डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्यास त्यांना भेटावयास आल्या, तेव्हाही त्यांचा भर संयमावरच राहिला. आणि ही केवळ मोठ्या माणसांची मते नव्हेत. आमच्या वसाहतीत धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंनी मुलीचे लग्न अठरा पुरी होताच, तिची शिकण्याची इच्छा असताना, उरकून टाकले. आमच्या घरून थोडी नापसंती व्यक्त झाली. तेव्हा त्या म्हणाल्या, "अक्का, दार नसलेल्या घरात मुलगी किती दिवस ठेवायची?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. श्रीमंताला आपल्या मुलीचे रक्षण करण्यास भिंती, वाहन, वसतिगृह, पहारेकरी अशी नाना साधने आहेत. गरिबाला दोनच, धाक आणि लवकर लग्न. ज्याच्या हाती दोनच साधने आहेत त्याला ती टाकून दे असे सांगणाऱ्याने तिसरे साधन पुढे केले पाहिजे, नाहीतर त्याने बोलू नये. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा तेवीस जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. हा आकडा आपण मागासलेपणाचे माप म्हणून वाचतो. त्यात कितीतरी आयांची भीतीही आहे, हे वाचणे राहून जाते.

असे असूनही त्या पक्षाचे म्हणणे आम्हांस पटत नाही, आणि त्याचे कारण लज्जेच्याच स्वरूपात आहे. कृत्य घडण्यापूर्वी लज्जा लगाम असते. कृत्य घडल्यानंतर, किंवा अंगावर अत्याचार झाल्यानंतर, तीच लज्जा तोंडातला बोळा होते. भावना एकच, काळ बदलला की तिचे कार्य उलटते. अ‍ॅरिस्टॉटल आणि गांधीजी या दोघांच्याही डोळ्यांपुढे पहिला प्रसंग आहे. दवाखान्याच्या दारात उभा असलेला सतरा वर्षांचा मुलगा त्यांच्या नजरेसमोर नाही. संयमालाही थोडी जागा लागते, थोडी झोप लागते, दिवसाला काही एक आखणी लागते. आश्रमात ती होती. बाजारात पोत्यांवर निजणाऱ्या पोराला संयमाचा उपदेश करणे सोपे आहे, त्याला निजावयास खोली देणे कठीण.

शिवाय हे रोग स्वतःच मौन पाळणारे आहेत, हे त्यांचे सर्वांत घातक लक्षण. उपदंशाचा पहिला व्रण दुखत नाही, आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. रोगी निर्धास्त होतो. रोग मात्र आत राहिलेला असतो आणि काही वर्षांनी हृदयावर, मेंदूवर, किंवा जन्माला येणाऱ्या अर्भकावर प्रकट होतो. वेळीच पेनिसिलिनची सुई घेतली असती तर तो समूळ गेला असता. परमा आणि क्लॅमिडिया हे संसर्ग पुरुषात बहुधा जळजळीने जाणवतात. स्त्रीच्या शरीरात ते कित्येकदा काहीच चिन्ह न दाखविता महिनोन्‌महिने राहतात, गर्भाशयाच्या नळ्यांना सूज आणतात, आणि पुढे मूल होत नाही म्हणून तिलाच घराबाहेर काढले जाते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ असलेला विषाणू वीसवीस वर्षे दबा धरून बसतो. त्याची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आता आपल्याच देशात तयार केली आहे. एचआयव्हीची लागण झालेला माणूस कित्येक वर्षे धडधाकट दिसतो; आज त्याला नियमित औषध मिळाले तर तो जवळजवळ पूर्ण आयुष्य जगू शकतो, पण तपासणीच झाली नाही तर औषध कशाचे द्यावयाचे? रोग बोलत नाही, रोगी बोलत नाही, घर बोलत नाही, शाळा बोलत नाही. बोलतो तो एकटा भोंदू.

या भोंदूविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण त्याच्याइतकी गरीब तरुणाची नाडी ओळखणारा दुसरा कोणी नाही. रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर, सार्वजनिक मुताऱ्यांत, बसस्थानकाच्या खांबांवर त्याच्या जाहिराती असतात. 'धातू जाणे', 'बालपणीच्या चुका', 'नष्ट झालेले पौरुष' ही त्याची परिभाषा. वयात येणाऱ्या मुलाच्या शरीरात जे निसर्गतः घडते तोच रोग आहे असे त्याने ठरवून टाकलेले असते. नसलेल्या रोगावर तो औषध विकतो, आणि असलेल्या रोगाचा बरा होण्याचा काळ त्यात निघून जातो. रक्ताच्या शंभर थेंबांतून वीर्याचा एक थेंब तयार होतो ही समजूत ज्याने आजोबांकडून ऐकली आहे त्या हमालपोराला आपण रोज क्षीण होत चाललो आहोत असे खरोखरच वाटू लागते. त्याची झोप उडते, भूक मरते, आणि महिन्याच्या मजुरीतला मोठा वाटा पुड्यांवर जातो. त्याला कोणी पाच मिनिटे शांतपणे सांगितले असते की हा रोग नव्हे, तर त्याचे पैसे वाचले असते आणि मनाला खाणारी भीतीही. ती पाच मिनिटे आपण त्याला दिली नाहीत, भोंदूने दिली. त्याच्या दुकानाचे भांडवल औषधांत नसून आपल्या मौनात आहे.

मराठी वाचकाला या ठिकाणी रघुनाथ धोंडो कर्वे यांची आठवण न होणे अशक्य. गणिताचा हा प्राध्यापक १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढतो, त्यापायी विल्सन कॉलेजातील नोकरी गमावतो, १९२३ साली 'गुप्तरोगांपासून बचाव' या सरळ नावाचे पुस्तक लिहितो, आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक पदरमोड करून चालवितो. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तो खटला कशावरून झाला हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वाचकांनी पत्रांतून आपल्या शंका विचारल्या होत्या आणि कर्व्यांनी त्यांना उत्तरे दिली होती. प्रश्न विचारणे हा गुन्हा ठरला नाही; उत्तर देणे हा ठरला, आणि दंड झाला. कर्व्यांची सगळीच मते आम्हांस मान्य आहेत असे नव्हे. त्यांच्या तर्कशुद्ध लिखाणात माणसाच्या मायेचा आणि मत्सराचा हिशेब पुरेसा धरलेला नाही असे वाटते. परंतु लखोटा ज्याचा त्याला पोचविलाच पाहिजे, हे व्रत त्यांनी पाळले.

त्यांचे बहुतेक वाचक लिहितेवाचते होते, ही त्या कार्याची मर्यादा. पत्र लिहून शंका विचारणे हीसुद्धा एक ऐपत आहे. गरिबाला पत्र नको, दवाखाना हवा. आणि येथे बंगळुराने एक गोष्ट आपल्या आधी केली. १९३० साली, म्हणजे मुंबईत कर्व्यांची थट्टा होत असताना, म्हैसूर संस्थानच्या सरकारने बंगळूर व म्हैसूर येथील इस्पितळांत संततिनियमनाची केंद्रे उघडण्याचा हुकूम काढला. सरकारने स्वतः काढलेली जगातील पहिली केंद्रे म्हणून त्यांचा उल्लेख होतो. सनातनी, राजनिष्ठ, दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी प्रसिद्ध असलेले हे संस्थान. त्याला हे करताना आपली संस्कृती बुडते असे वाटले नाही.

त्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी काय झाले पाहा. एचआयव्हीच्या धास्तीने केंद्र शासनाने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम तयार केला होता. २००७ साली तो कर्नाटकाने रोखला आणि महाराष्ट्रानेही रोखला. इतर अनेक बाबतींत न जुळणाऱ्या या दोन राज्यांचे येथे मात्र जुळले. त्याच २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांवरील अत्याचारांची देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात निम्म्याहून अधिक मुलांनी आपल्यावर कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले होते, आणि मुलग्यांचे प्रमाण मुलींहून कमी नव्हते. एका वर्षात एकाच देशात हे दोन कागद निघाले. मुलांवर काय गुदरते हे एकाने सांगितले. मुलांना काही सांगू नये हे दुसऱ्याने ठरविले. कार्यक्रमातील काही चित्रे आणि शब्द अनाठायी असतील. ते बदलता आले असते. पुढे २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला खरा, पण वर सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणीत एचआयव्हीविषयी संपूर्ण व अचूक माहिती असणाऱ्या स्त्रिया शंभरांत एकवीसबावीस आणि पुरुष एकतीसच्या आसपास आढळले.

येथवर पहिल्या मौनाचे झाले. दुसरे मौन म्हणजे ज्याचे गुपित त्याचे राखणे. त्याची अवस्था अधिकच वाईट आहे.

कागदावर सोय पुष्कळ आहे, हे शासनाचे कारकून म्हणून आम्ही थोड्या अभिमानाने सांगू शकतो. सरकारी इस्पितळांत या रोगांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' आहेत. तेथे लक्षणांप्रमाणे औषधांचे सात संच ठेवलेले असतात, प्रत्येकाचा रंग वेगळा, करडा, हिरवा, पांढरा, निळा, लाल, पिवळा, काळा, म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत रोग्याला ताटकळावे लागू नये. एचआयव्हीची तपासणी आणि औषधे मोफत. १०९७ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. वयात आलेल्या मुलामुलींसाठी कर्नाटकात 'स्नेह' क्लिनिक आहेत, महाराष्ट्रात त्यांनाच 'मैत्री' म्हणतात. नावे दोन्ही गोड आहेत. परंतु ज्या वस्तीत चहाच्या टपरीवर उभे राहिले तरी दहा ओळखीचे भेटतात, तेथे त्या दाराच्या रांगेत उभे राहणे म्हणजे गल्लीत दवंडी पिटणे. आरोग्यसेविका चांगली असते, पण ती त्याच गल्लीत राहते. आपल्या मुलावर असा प्रसंग आला तर आपण शहराच्या दुसऱ्या टोकाच्या खाजगी डॉक्टरकडे जाऊ, रोख पैसे देऊ, पावतीही मागणार नाही. आपल्या खिशात केंद्रीय आरोग्य योजनेचे कार्ड असूनही ते आपण त्या दिवशी बाहेर काढणार नाही. गुप्तता ही बाजारात विकत मिळणारी वस्तू झाली आहे आणि गरिबाला ती परवडत नाही.

गुप्तता मोडली की काय होते याचे उदाहरण गोव्यात घडले. १९८९ साली डॉमिनिक डिसूझा या सुशिक्षित, नोकरीत असलेल्या तरुणाला, रक्तदानाच्या निमित्ताने त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळल्यामुळे, पोलिसांकरवी धरून म्हापशाजवळच्या ओसाड क्षयरुग्णालयात चौसष्ट दिवस एकट्याने डांबून ठेवण्यात आले. त्याने काय केले होते? रक्त दिले होते. त्याने न्यायालयात दाद मागितली, आणि मृत्यूपूर्वी, १९९२ साली, आपल्यासारख्यांसाठी एक संस्था उभी केली. एचआयव्हीग्रस्ताचे नाव उघड करण्यास बंदी करणारा कायदा संसदेने २०१७ साली केला. मधल्या अठ्ठावीस वर्षांत आपल्या गुपिताचे काय होईल या भीतीने किती जण तपासणीच्या दारातून परत फिरले असतील, याची नोंद कोणत्याच नस्तीत नाही.

आणि आता जो पेच सांगावयाचा आहे त्यात कोणी दुष्ट नाही, म्हणून तो अधिक बिकट आहे. बालकांचे लैंगिक अत्याचारापासून रक्षण करणारा २०१२ चा कायदा अत्यंत आवश्यक होता. वर सांगितलेल्या पाहणीनंतर तो न होता तरच नवल. त्याने संमतीचे वय अठरा ठरविले, आणि अशा कृत्याची माहिती ज्याला असेल त्याने ती पोलिसांस कळविलीच पाहिजे, न कळविल्यास शिक्षा, असे बंधन घातले. हे बंधन डॉक्टरावरही आहे. आता सतरा वर्षांची एक शिवणकामगार मुलगी आणि तिच्याच वयाचा, शेजारच्या कारखान्यातील मुलगा, यांची गोष्ट घ्या. जबरदस्ती कोणी कोणावर केली नाही. मुलीच्या ओटीपोटात दुखते, ताप येतो. ती डॉक्टरकडे गेली तर डॉक्टर तिला बरी करील, परंतु त्या मुलाला तुरुंगाची वाट दाखविल्याशिवाय त्याची सुटका नाही. हे एव्हाना वस्तीत सर्वांना ठाऊक झाले आहे. म्हणून ती जात नाही. औषधाच्या दुकानातून गोळी मागवते. रक्षणासाठी बांधलेली भिंत तिच्या आणि दवाखान्याच्या मध्ये उभी राहते.

२९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या भिंतीला एक खिडकी पाडली. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली असता, तिने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांस कळविताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने संमतीच्या वयाचा फेरविचार व्हावा असे सुचविले. विधी आयोगाने २०२३ मध्ये वय कमी करू नये असा अभिप्राय दिला. वय खाली आणले तर बालविवाह आणि मुलींचा व्यापार करणारे त्याचा फायदा घेतील, ही त्याची भीती. ती खोटी नाही. जिने संमती दिली असे आपण म्हणतो, तिच्या पोटात भूक आणि हातात मुकादमाने दिलेली उचल असेल, तर त्या संमतीला काय अर्थ? अठराची रेषा सरसकट पुसावी असे आमचे मत नाही. मात्र तपासणीच्या खोलीत काय बोलले जाते त्याचे पोलीस ठाण्याशी असलेले नाते जेथे वय जवळजवळ समान आहे आणि जबरदस्ती नाही तेथे सैल झाले पाहिजे, असे आम्हांस वाटते. वकिलाला अशिलाचे गुपित राखण्याची मोकळीक कायदा देतो, ती काही अशील निष्पाप असतो म्हणून नव्हे. गुपित राहणार नाही हे कळले की माणूस खरे सांगत नाही, आणि खरे कळल्यावाचून त्याला मदत करता येत नाही. डॉक्टरच्या खोलीला हा नियम अधिकच लागू आहे, कारण तेथे प्रश्न दाव्याचा नसून देहाचा असतो.

प्लेटोच्या 'प्रोटॅगोरस' या संवादात एक कथा आहे. माणसे एकत्र राहू लागली पण एकमेकांचा नाश करू लागली, तेव्हा देवाधिदेव झ्यूसने लज्जा आणि न्याय या दोन वस्तू हर्मीसच्या हाती पृथ्वीवर पाठविल्या. हर्मीसने विचारले, या काही निवडकांनाच द्यावयाच्या, जशा इतर विद्या दिल्या, की सर्वांना? झ्यूस म्हणाला, सर्वांना. कथा वाचताना आमच्या मनात येते की हर्मीस हा अखेर निरोप्याच. आवकजावक विभागात काही घोटाळा झालेला दिसतो. लज्जेचा लखोटा प्रत्येक झोपडीत पोचला. न्यायाचा मात्र ज्यांचे पत्ते पक्के त्यांनाच मिळाला.

आमच्या ओळखीच्या एका मराठी मंडळात स्त्रीशाखेतर्फे घरकाम करणाऱ्या बायांच्या मुलांसाठी रविवारी शिकवणीचा वर्ग चालतो. या वर्षी तेथे एका स्त्री डॉक्टरला बोलवावे आणि तिने मोठ्या मुलींशी या विषयावर बोलावे, अशी सूचना आली. कार्यकारिणीत बरीच चर्चा झाली. हे मंडळाच्या उद्दिष्टांत बसते काय, असे एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले. लोकांच्या मुलींना आपण काय सांगावे, असेही कोणी म्हणाले. शेवटी आयांनाच विचारावयाचे ठरले. त्या विरोध करतील असा बहुतेकांचा अंदाज होता. त्यांनी विरोध केला नाही. बोलणे कन्नड आणि दख्खनी या दोन्ही भाषांत व्हावे, दुपारी पुरुष कामावर असताना व्हावे, आम्हीही बसू, असे त्या म्हणाल्या. आणि सभागृहाचे दार आतून लावून घ्यावे, ही त्यांची एक अट होती. डिसेंबरातला दुसरा रविवार ठरला आहे. मुलग्यांशी कोणी बोलावयाचे, हे अद्याप ठरावयाचे आहे. दोघातिघांना विचारले, ते विचार करून सांगतो म्हणाले.